शहाणी झालेली मुलगी: एक प्रकरण अभ्यास

पावणेपाच वर्षांची मुलगी. तिला धाकटा भाऊ झाला, तो पाच आठवड्यांचा असताना आजारी पडला आणि अकरा दिवस रुग्णालयात राहून बरा होऊन घरी आला. त्यानंतर दोन महिन्यांनी आईबाबांनी समुपदेशिकेची वेळ घेतली, तीही बालवाडीच्या शिक्षिकेने आग्रह धरला म्हणून. घरच्यांच्या मते काहीच बिघडलेलं नव्हतं. आजी म्हणाली, "उलट पोर एकदम शहाणी झालीय. हट्ट नाही, आरडाओरडा नाही. बाळ झोपलं की पाऊलसुद्धा वाजू देत नाही." शिक्षिकेने मात्र चिठ्ठीत लिहिलं होतं: "ती बोलेनाशी झाली आहे. कृपया दाखवून घ्या."

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातलं कुटुंब खरं नाही, पण अशा घटनांनंतर लहान मुलं अशी वागू शकतात आणि त्यामागचे सिद्धान्त खरे आहेत. ते सविस्तर मांडण्याचं कारण असं की मानवी विकासाचे मोठे सिद्धान्त बहुतेकदा तक्त्यात शिकवले जातात. अमुक वयाला मानसशास्त्रज्ञ पियाजेची ही अवस्था, तमुक वयाला मनोविश्लेषक एरिकसनचा तो टप्पा. तक्ता तोंडपाठ असलेल्या माणसाने या मुलीकडे पाहून "दुसरं मूल आलं की पहिलं असंच वागतं, सावरेल" असं म्हणून विषय संपवला असता. सिद्धान्ताचा खरा उपयोग, माझ्या मते, पुढे काय विचारायचं आणि कुठे पाहायचं हे ठरवण्यासाठी असतो.

आधी काय तपासलं

मूल बोलेनासं झालं की मानसशास्त्राच्या आधी कान तपासायचे, हा क्रम कधीही मोडू नये. श्रवण तपासणी झाली, ती नीट होती. बोलणं आणि भाषा वयाला साजेशी होती. उलट बाळ येण्याआधी ती वयाच्या मानाने लांब वाक्यं बोलायची, असं घरच्यांनी आणि शिक्षिकेने स्वतंत्रपणे सांगितलं.

मग निवडक मौनाचा विचार झाला. त्यात मूल घरी मोकळेपणाने बोलतं, पण शाळेसारख्या ठराविक ठिकाणी बोलूच शकत नाही, आणि हे महिनाभर तरी टिकतं. इथे चित्र वेगळं होतं. ती घरीही कमी बोलत होती आणि बालवाडीतही. अगदी गप्प नव्हती. विचारलं तर कुजबुजल्यासारखं उत्तर द्यायची. शिवाय हे हळूहळू झालेलं नव्हतं. बाळ रुग्णालयात गेलं त्याच आठवड्यात आवाज उतरला होता.

शिक्षिकेच्या नोंदींत दोन बारीक गोष्टी होत्या. पहिली: ठोकळे रचताना ही मुलगी पूर्वी स्वतःशी सतत पुटपुटायची, "आता हा वर, नको, हा मोठा आहे", ते पुटपुटणंही थांबलं होतं. दुसरी: खेळात कोण डॉक्टर, कोण दुकानदार हे पूर्वी ती ठरवायची. आता "तुला कुठला रंग हवा?" एवढं विचारलं तरी म्हणायची, "तुम्ही सांगा."

यातली पहिली नोंद मला फार मोलाची वाटते. मुलांच्या या पुटपुटण्याकडे पियाजेने स्वकेंद्रित बोलणं म्हणून पाहिलं. समोरच्याचा विचार करता येऊ लागला की ते मावळतं, असं त्याचं म्हणणं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीने उलट बाजू मांडली: या बोलण्याने मूल स्वतःच्या कृतीला दिशा देतं, आणि पुढे ते नाहीसं न होता आत जाऊन विचार बनतं. वायगॉट्स्की बरोबर असेल तर लाजरं किंवा घाबरलेलं मूल इतरांशी बोलणं टाळेल, पण ठोकळ्यांशी बोलणं सोडणार नाही. कुणी ऐकत नसतानाही जी मुलगी बोलत नाही, तिची भीती ऐकणाऱ्यांची नसून बोलण्याचीच असावी. हा अंदाज त्या टप्प्यावर कच्चाच होता, पण चौकशी कुठे न्यायची ते त्याने ठरलं.

"आवडतं ना तुला बाळ?"

घरच्यांनी तिला विचारलं नव्हतं असं नाही. बाबा रोज विचारायचे, "आवडतं ना तुला बाळ?" ती मान हलवायची. "खरंच ना?" असं पुन्हा विचारलं की आणखी जोरात मान हलवायची. भेटीला आलेले नातेवाईकही हाच प्रश्न विचारत.

मुलांना एकच प्रश्न दोनदा विचारला की काय होतं, यावर चांगलं संशोधन आहे. पियाजेच्या प्रसिद्ध प्रयोगात मुलाला दोन सारख्या रांगा दाखवून "दोन्हींत सारखंच आहे का?" असं विचारतात, मग एक रांग पसरवून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. लहान मुलं दुसऱ्या वेळी चुकतात. 1974 मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळून फक्त शेवटी एकदाच विचारलं, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1978 मध्ये अशा प्रयोगांचा अर्थ नीट उलगडला: मोठं माणूस तेच पुन्हा विचारतंय म्हणजे आपलं आधीचं उत्तर त्याला चाललं नाही, असं मूल समजतं. ते प्रश्नाला कमी आणि माणसाला जास्त उत्तर देत असतं.

म्हणून समुपदेशिकेने बाळाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. तिने खोलीत बाहुल्या, एक छोटा पलंग, डॉक्टरची पेटी आणि ठोकळे ठेवले, आणि जमिनीवर बाजूला बसून राहिली.

मुलीने मोठी बाहुली घेतली, लहान बाहुली पलंगावर ठेवली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग मोठ्या बाहुलीला खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसवलं. पुढच्या वेळीही हेच. त्यापुढच्या वेळी तिने मोठ्या बाहुलीच्या तोंडावर स्वतःचा तळहात ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

समुपदेशिका म्हणाली, "हिच्या तोंडावर हात आहे."

बराच वेळ गेला. मग कुजबुजत उत्तर आलं, "ती बोलली ना, की तो आजारी पडतो."

आईबाबांना विचारल्यावर उलगडा झाला. बाळ आजारी पडलं त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते, सगळे बाळाभोवती जमले होते, आणि ही मोठ्याने म्हणाली होती, "नको मला हा. याला परत पाठवा." सगळे हसले होते. त्याच रात्री बाळाला श्वास घेता येईना. आई त्याला घेऊन गेली आणि अकरा दिवस परत आली नाही. घरात कुणालाच ते वाक्य आठवत नव्हतं. आईला ते समुपदेशिकेपुढे बसल्यावर आठवलं.

तिच्या बाजूने पाहिलं तर

पियाजेच्या मांडणीत साधारण दोन ते सात वर्षं ही पूर्वसंक्रियात्मक अवस्था. या वयात एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी सहज कारण आणि परिणाम होतात, आणि इच्छा व घटना यांच्यातली सीमा अजून पक्की नसते. मुलांच्या नैतिक विचारावरच्या 1932 च्या ग्रंथात त्याने मुलांना एक गोष्ट ऐकवली होती: सफरचंद चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जाताना पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? लहानांपैकी बहुतेक म्हणाले, नसता पडला. वय वाढेल तसं हे उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण उतरत गेलं. वाईट केलं की जगच शिक्षा देतं, अशी ही धारणा आहे.

इथे थोडं सावध राहायला हवं. नंतरच्या संशोधनात दिसलं आहे की चार-पाच वर्षांच्या मुलांनाही जंतूंनी आजार होतो, एकाचा दुसऱ्याला लागतो, याची बऱ्यापैकी जाण असते. या मुलीलाही होती. "सर्दी कशी होते?" असं विचारलं तर तिने बरोबर सांगितलं. म्हणजे तिला कारण कळतच नव्हतं, असं म्हणता येत नाही. सर्दीसाठी तिच्याकडे एक कारण होतं आणि भावासाठी दुसरं. ज्या घटनेत स्वतःचा राग मिसळलेला आहे आणि जिचं दुसरं कारण कुणी सांगितलेलंच नाही, तिथे जुनी विचारपद्धत वर येते, मोठ्यांमध्येही येते. "लहान आहे, तिला काय सांगायचं" म्हणून तिला बाळाच्या आजाराबद्दल कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. रिकामी राहिलेली जागा तिने हाताशी असलेल्या एकमेव पुराव्याने भरली.

पियाजे इथपर्यंत नेतो. ती असं का मानू शकली हे त्याच्याकडून कळतं. पण मानल्यावर ती एवढी आक्रसून का गेली, हे कळायला एरिकसन लागतो. त्याच्या आठ टप्प्यांपैकी तिसरा, साधारण तीन ते सहा वर्षांचा, पुढाकार विरुद्ध अपराधभाव हा आहे. मूल योजना आखतं, खेळ ठरवतं, हुकूम सोडतं, इतरांच्या वाटेत घुसतं. आणि त्याच वेळी आपल्या इच्छेने कुणाचं वाईट होईल ही धास्तीही पहिल्यांदा जागी होते. "तुम्ही सांगा" हे उत्तर इथे नीट बसतं. जिला वाटतंय की आपण एकदा मनासारखं बोललो आणि भाऊ मरता मरता वाचला, ती मुलगी रंगसुद्धा स्वतः निवडणार नाही. घरच्यांना जो शहाणपणा वाटत होता तो तिने स्वतःवर लादलेला बंदोबस्त होता.

फ्रॉइडच्या परंपरेतला कुणी इथे भावंडांमधली स्पर्धा पुढे करील. तीही होतीच, वाक्यच सांगतंय. पण निव्वळ मत्सर असता तर बाळाला चिमटे, पुन्हा बाटलीने दूध पिण्याचा हट्ट, अंथरूण ओलं करणं असं काही दिसण्याची शक्यता जास्त होती. ही मुलगी बाळाला हातही लावत नव्हती. रात्री उठून दारातूनच त्याचं पांघरूण हलतंय का ते पाहून परत जायची.

अकरा दिवस

ते वाक्य तिने आईला का सांगितलं नाही? एरवी ती प्रत्येक गोष्ट आईला सांगायची.

मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून तुटलेल्या लहान मुलांमध्ये तीन पायऱ्या नोंदवल्या: आधी आक्रोश, मग हताशा, मग अलिप्तता. तिसऱ्या पायरीवरचं मूल खेळतं, खातं, कुणाला त्रास देत नाही, म्हणून परिचारिकांना ते रुळल्यासारखं वाटे. 1952 मध्ये रॉबर्टसन यांनी सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचं रुग्णालयातलं आठ दिवसांचं वास्तव्य चित्रित केलं. ती फारशी रडत नाही, रडणं दाबून धरताना दिसते, आणि तेच पाहवत नाही. त्या काळी पालकांना भेटीची वेळ अगदी थोडी मिळत असे. ते नियम बदलण्यात या चित्रफितीचा मोठा वाटा आहे. पुढे मेरी एन्सवर्थ यांच्या पद्धतीने (बाळाला अनोळखी खोलीत आईपासून थोडा वेळ दूर ठेवून, ती परतल्यावर ते कसं वागतं ते पाहायचं) तपासलेल्या वर्ष-दीड वर्षाच्या बाळांमध्ये, आई परत आल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणारी काही बाळं आढळली. वरून शांत दिसणाऱ्या या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले निघाले.

पावणेपाच वर्षांच्या मुलीला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. ती बाबा आणि आजीजवळ होती, आई फोनवर बोलत होती. पण आई अचानक, रात्री, तिला न सांगता गेली होती, आणि परतली तेव्हा थकलेली, सतत बाळाकडे लक्ष असलेली होती. ज्या माणसाकडे भीती घेऊन जायचं तेच माणूस आपल्यामुळे गेलं असं वाटत असेल, तर भीती कुणाकडे न्यायची? आई घरात आली तरी ती वाट बंदच राहिली.

आणि ती वाट बंद ठेवायला सगळ्यांनी नकळत हातभार लावला. ती गप्प बसली की "शहाणी माझी बाय ती" ऐकायला मिळे. ज्या वागण्यामागून कौतुक येतं ते वागणं पक्कं होतं, हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरचं साधं तत्त्व. विकासाच्या भारदस्त सिद्धान्तांपुढे ते लोकांना किरकोळ वाटतं, पण मौन सुरू का झालं आणि टिकलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं बरंचसं उत्तर इथे होतं.

पेन्सिल आणि बाळ

पहिलं काम आईने केलं. बाळाला काय झालं होतं ते तिने मुलीला साध्या शब्दांत सांगितलं: एक विषाणू होता, तो छातीतल्या बारीक नळ्यांमध्ये शिरला, नळ्या सुजल्या, हवा आत जायला जागा उरली नाही, डॉक्टरांनी नळीने हवा दिली, सूज उतरली. चित्र काढून सांगितलं. नुसतं "तुझ्यामुळे झालं नाही" म्हणणं पुरेसं नव्हतं. मूल कारणाशिवाय राहू शकत नाही; एक कारण काढून घ्यायचं तर तिथे दुसरं ठेवावं लागतं.

समुपदेशिकेने खेळात एक प्रयोग मांडला. टेबलाच्या कडेला पेन्सिल ठेवून दोघींनी तिला पडायला सांगितलं. आधी मनात, मग हळू, मग ओरडून. ओरडण्याचा भाग समुपदेशिकेने एकटीने केला, मुलीने फक्त ओठ हलवले. पेन्सिल पडली नाही. हाताने ढकलल्यावर पडली. ठोकळ्यांच्या मनोऱ्याचंही तेच.

मुलगी विचार करून म्हणाली, "पेन्सिलला ऐकू येत नाही. बाळाला येतं."

हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडतं. तिचा तर्क कमकुवत नव्हता. तिच्या सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा तिने तपासला आणि अपुरा म्हणून बाजूला ठेवला. पियाजेने हेच सांगितलं होतं: बाहेरून आणून दिलेला पुरावा मूल आपल्या चौकटीत बसवून घेतं, चौकट मोडायला पुरावा त्या चौकटीच्या आतून यावा लागतो.

तो आईकडून आला. समुपदेशिकेशी बोलून तिने एका दुपारी मुलीला सांगितलं, "काल रात्री हा इतका रडत होता ना, मला इतका राग आला. मी त्याला म्हटलं, जा बाबा तू कुठेतरी." मुलीने विचारलं, "मोठ्याने?" आई म्हणाली, "मोठ्याने. त्याच्या कानाजवळच." मुलगी उठून बाळाकडे गेली, जवळ जाऊन त्याच्याकडे पाहिलं आणि परत आली. "मग?" "मग काय, थोड्या वेळाने झोपला. सकाळी उठून दूध प्यायला." ऐकू येणाऱ्या बाळाला, मोठ्याने, खुद्द आईने म्हटलं होतं आणि काही झालं नव्हतं. शिवाय आईलाही राग येतो, हे तिला पहिल्यांदा कळलं.

त्यानंतरच्या खेळांत मोठी बाहुली बोलू लागली. आधी समुपदेशिका तिचा आवाज काढायची: "मला राग आलाय!" मग दोघी मिळून. मग मुलगी एकटी. वायगॉट्स्की ज्याला निकट विकास क्षेत्र म्हणतो ते हेच: एकटीला अजून जमत नाही, पण सोबत असेल तर जमतं, आणि सोबत हळूहळू काढून घेता येते. खेळात मूल आपल्या नेहमीच्या वागण्याच्या पुढे जातं, हे त्याचं निरीक्षणही इथे दिसलं. बाहुली ओरडायला लागल्यावर कितीतरी दिवसांनी मुलगी स्वतः ओरडली, तेही बाबांवर, बुटाची नाडी चुकीची बांधली म्हणून. बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी तिला गप्प केलं नाही. नाडी सोडून पुन्हा बांधली.

घर आणि बालवाडी

मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनरने 1979 मध्ये मांडलं की मूल एकात एक बसलेल्या अनेक वर्तुळांत वाढतं, आणि घर व शाळा या वर्तुळांमधला दुवा स्वतःच विकासावर परिणाम करतो. इथे घराला मूल शहाणं दिसत होतं आणि बालवाडीला बोलेनासं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच अर्थ लागला. मुलीच्या आयुष्याबाहेर ठरलेल्या गोष्टीही तिच्यापर्यंत पोहोचल्या होत्या: रुग्णालयात भावंडांना आत सोडायचं नाही हा नियम, बाबांना न मिळालेली रजा. ते बदलणं कुटुंबाच्या हातात नव्हतं. जे होतं ते केलं. रोज अर्धा तास आई फक्त तिच्यासोबत, त्या वेळात बाळ आजीकडे. गप्प बसण्याचं कौतुक बंद. तिने काही निवडलं किंवा ठरवलं तर त्याची दखल. बालवाडीत शिक्षिकेने "काय हवं?" ऐवजी "लाल की निळा?" असं विचारायला सुरुवात केली.

आणखी एक सवय घरात रुजवली: बाळाबद्दल तिच्याशी माणूस म्हणून बोलायचं. "हा का रडत असेल गं? भूक की झोप?" जुडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी चाळीस कुटुंबांचा जो अभ्यास 1982 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात ज्या घरांत आया मोठ्या मुलाशी बाळाच्या गरजा आणि भावनांविषयी बोलत, तिथे भावंडांचं नातं पुढे अधिक मैत्रीचं दिसलं होतं. या मुलीला त्यात आणखी एक फायदा झाला. बाळ रडतं त्याची कारणं तिला कळू लागली, आणि त्यातलं एकही कारण ती स्वतः नव्हती.

जे उरलं

तीन महिन्यांनी आवाज परत आला होता, खेळातली हुकमतही. हात धुणं मात्र तसंच राहिलं. बाळ घरी आल्यापासून ती वारंवार हात धुते, आणि हे शुद्धीकरण आहे, अपराधभावाचंच लक्षण आहे, असं मानण्याचा मोह होतो. समुपदेशिकेने तो टाळला. बाळ घरी आल्यावर आई, बाबा, आजी सगळेच त्याला घेण्याआधी हात धूत होते, आणि मुलं पाहून शिकतात हे मानसशास्त्रज्ञ बँड्युराने दाखवून दिलेलं आहे. धुण्यात ठरलेला आकडा नव्हता, अडवलं तर घाबरणं नव्हतं, कातडी कोरडी पडलेली नव्हती. तूर्त नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं. यातलं काही दिसू लागलं तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, हेही आईबाबांना लिहून दिलं.

दुसरी नोंद पुढच्या काळासाठी आहे. सात-आठ वर्षांची झाल्यावर कारण, हेतू आणि योगायोग यांच्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहू लागेल आणि हीच घटना तिला पुन्हा आठवू शकेल. तेव्हा प्रश्न वेगळा असेल: "मी असं का म्हटलं होतं?" आईबाबांना सांगितलं आहे की ती संध्याकाळ घरात लपवून ठेवू नये. तिने विषय काढला तर जे घडलं ते तसंच सांगावं, तिचं वाक्यही गाळू नये, आणि त्या वेळी सगळे हसले होते हेही सांगावं.